अर्धशिशी आणि तिचा गोतावळा: तुमच्या फायलींमध्ये काय काय आहे?

मोगरा (ठाणे, घोडबंदर रोड)
रविवार, दुपारी ४.१०

लेकीचा शाळेचा दाखला शोधताना आज कपाटातून माझ्या दवाखान्याच्या फायली बाहेर निघाल्या. एकूण पाच. डोकेदुखीची एक, पोटाची एक, कान-नाक-घसावाल्यांची एक, दम्याची लहानपणापासूनची जाडजूड, आणि एक नुसतीच "झोप, घाबरल्यासारखं" असं माझ्याच अक्षरात लिहिलेली. नौपाड्यापासून वाशीपर्यंतचे पाच डॉक्टर. एकाही फायलीत दुसऱ्या फायलीचा उल्लेख नाही.

मी ४३ वर्षांची. अर्धशिशी एकविसाव्या वर्षापासून. डाव्या कानशिलात ठणका, मळमळ, पडदे ओढून पडून राहायचं, दुसऱ्या दिवशी अंग पिळून निघाल्यासारखं. हे सगळं इथे बऱ्याच जणींना सांगायची गरज नाही. धागा काढण्याचं कारण दुसरं आहे.

दोन वर्षांपूर्वी डोकं महिन्यातून आठ-नऊ वेळा दुखायला लागलं. एका डॉक्टरांनी रोज घ्यायची गोळी दिली, प्रोप्रानोलॉल. अर्धशिशीचे अटॅक कमी व्हावेत म्हणून जगभर ती देतात, आणि अनेकांना उत्तम लागू पडते. पण दमा असलेल्याला ती देत नाहीत, कारण तिने श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात. मला त्यांनी दम्याचं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कॉलेजनंतर पंप घेतला नव्हता, त्यामुळे दमा ही माझ्या डोक्यात संपलेली गोष्ट होती.

नवव्या दिवशी सकाळी ऐरोलीला ऑफिसला जायला ठाणे स्टेशनला आले. ट्रान्सहार्बरच्या फलाटाकडे जाणारा पूल चढताना अर्ध्या जिन्यात छाती आवळली. घरघर माझी मलाच ऐकू येत होती. भाजीची पिशवी घेतलेल्या एका मावशींनी मला कठड्याला टेकवून बसवलं आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या, गर्दीचा धक्का लागू नये म्हणून. त्या पंधरा मिनिटांत मला एवढंच वाटत होतं की डोक्याचं औषध घेऊन दम कसा काय लागतो?

त्यानंतर छातीच्या डॉक्टरांनी ती गोळी बंद केली आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी पहिल्या भेटीत पाऊण तास फक्त प्रश्न विचारले. झोप, पोट, पाळी, घोरणं, चक्कर, मूड, दमा, आईला काय होतं, मावशीला काय होतं. तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझ्या पाच फायलींतल्या किमान चार तरी एकमेकींच्या नात्यातल्या आहेत. दमासुद्धा! अर्धशिशीवाल्यांमध्ये दमा इतरांपेक्षा जास्त आढळतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तुमच्या अर्धशिशीसोबत काय काय नांदतं? कुणी ते एकत्र बघितलं का? लिहा प्लीज.

पारसिककर (कळवा)
रविवार, संध्याकाळी ७.३५

पुरुषांनाही होते हो, म्हणून आधी हजेरी लावतो. बायकांत साधारण तिप्पट असते म्हणे, त्यामुळे माझं निदान करायला कुणाला सुचलंच नसावं.

माझी फाईल चक्करेची. महाप्याला कारखान्यात शिफ्टला आहे. २०१९ मध्ये मशीनसमोर उभा असताना जमीन बोटीसारखी डोलायला लागली. कठडा धरून खाली बसलो. अर्ध्या तासाने थांबलं, दोन दिवस मात्र मान वळवली की घेरी. मग एक्स-रे. "मणक्यात गॅप आहे, स्पॉन्डिलायटिस." गळ्यात पट्टा. तो पट्टा मी चौदा महिने वापरला. उन्हाळ्यात त्याखाली घामोळं उठायचं, पोरगा शाळेतल्या मित्रांना माझा अपघात झाला म्हणून सांगायचा.

डोकेदुखी होतीच, पण ती तरुणपणापासूनची, तिची चक्करेशी सांगड कुणी घातली नाही. शेवटी वाशीच्या एका कानाच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, चक्कर येते तेव्हा उजेडाचा, आवाजाचा त्रास होतो का? होतो. लहानपणी बस लागायची का? लागायची, खंबाटकी घाट यायच्या आधीच लिंबू हातात. म्हणाल्या, ही अर्धशिशीचीच चक्कर आहे, व्हेस्टिब्युलर मायग्रेन. डोकं दुखलं नाही तरी नुसती चक्कर येऊ शकते.

पट्टा माळ्यावर टाकला. औषध सुरू झाल्यावर तीन महिन्यांत घेरी जवळपास गेली.

सडेतोड (वर्तकनगर)
रविवार, रात्री ९.०२

मनापासून लिहितोय, राग नसावा. अशा धाग्यांनी माणूस घाबरतो. एक डोकेदुखी घेऊन येतो आणि पाच आजार घेऊन जातो. आमच्या आईला आयुष्यभर हेच व्हायचं, त्याला आम्ही पित्त म्हणायचो. उपाशी राहिली, उन्हात गेली की डोकं चढायचं. उलटी झाली की उतरायचं. आल्याचा रस, मोरावळा, अंधाऱ्या खोलीत झोप. तिने कधी दहा डॉक्टर केले नाहीत.

कडुनिंब (नेरुळ)
रविवार, रात्री ११.२०

मी निवृत्त फिजिशियन. तीस वर्षं जनरल मेडिसिन केलं. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण धागा महत्त्वाचा वाटला म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सडेतोड यांच्या आईंबद्दल, कारण महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत ही कथा आहे. उपास, ऊन, डोकं, उलटी, मग आराम: हा अर्धशिशीचा अगदी ठरलेला क्रम आहे. उलटी पित्तामुळे होते आणि पित्त डोक्यात चढतं असं आपण समजतो. प्रत्यक्षात अटॅक सुरू झाला की जठराची हालचाल मंदावते. खाल्लेलं पुढे सरकत नाही, म्हणून मळमळ आणि उलटी. त्याच कारणाने उशिरा घेतलेली गोळीही पोटात तशीच पडून राहते. म्हणून गोळी लवकर घ्या, आणि सोबत उलटी थांबवणारं औषध घ्यायला हरकत आहे का ते डॉक्टरांना विचारा. अंधाऱ्या खोलीतली झोप मात्र आईंनी अगदी बरोबर ओळखली होती.

आता सायनस. दर पावसाळ्यात "सायनसचं डोकं" घेऊन लोक यायचे. २००४ साली अमेरिकेत एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं समजणाऱ्या २,९९१ लोकांना त्यात तपासलं, तर ८८ टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीच्या व्याख्येत बसत होती. चेहऱ्याच्या संवेदना वाहणारी जी ट्रायजेमिनल नस आहे, ती चेतवली की नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, गाल जड होतात. त्याच नसेची मेंदूच्या बुडाशी मानेच्या नसांशी गाठ पडते, म्हणून मान दुखते. पारसिककरांच्या पट्ट्याचं मूळ तिथे. चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेमध्ये थोडीफार झीज बहुतेकांना दिसते. ती दिसली म्हणजे तीच कारण, असं नसतं.

पण नाक, मान, मळमळ ही अर्धशिशीचीच रूपं झाली. मोगराताई विचारतायत ते वेगळं: स्वतंत्र आजार, जे अर्धशिशीच्या लोकांत योगायोगाने व्हावेत त्यापेक्षा जास्त आढळतात. याला आम्ही सहव्याधी म्हणतो. ही कल्पना आल्व्हन फाईनस्टाईन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७० मध्ये मांडली. अर्धशिशीच्या बाबतीत त्यात नैराश्य आणि चिंता सगळ्यांत वर. मग निद्रानाश, पाय वळवळणं म्हणजे रेस्टलेस लेग्ज, पोटाचा आयबीएस (वरचेवर मुरडा, जुलाब किंवा बद्धकोष्ठ), दमा आणि ॲलर्जी, अपस्मार म्हणजे फिट्स, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), फायब्रोमायल्जिया (सततची अंगभर दुखी). स्थूलतेमुळे अधूनमधूनची डोकेदुखी रोजची होण्याचा धोका वाढतो. आणि ऑरा असलेल्यांत, म्हणजे ज्यांना डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चकाकतं किंवा हाताला मुंग्या येतात त्यांच्यात, पक्षाघाताचा धोका थोडा जास्त.

सडेतोड, यादी मोठी आहे, पण एकाच माणसाला सगळं होत नाही. मला ती महत्त्वाची वाटते ती औषध निवडताना. रक्तदाब आणि अर्धशिशी असेल तर दोन्हींवर चालणारं एकच औषध मिळू शकतं. झोप नसेल तर रात्रीची थोडी ॲमिट्रिप्टिलिन दोन्ही कामं करते. वजन जास्त असेल तर टोपिरामेटचा विचार होतो, पण मूल हवं असेल किंवा मुतखडे होत असतील तर ते नको. फिट्ससाठी सोडियम व्हाल्प्रोएट चांगलं, ते अर्धशिशीवरही चालतं, पण गर्भाला घातक, म्हणून तरुण मुलींना टाळतात. दुसरा आजार माहीतच नसेल तर डॉक्टर अंधारात बाण मारतो. मोगराताईंना जिन्यात जे झालं ते तेच.

रानवारा (ऐरोली)
सोमवार, सकाळी ८.१४

+१. वाचनखूण साठवली. मला पाय वळवळायचा त्रास आहे, त्याचं नाव आज कळलं.

जास्वंद (वाशी)
सोमवार, दुपारी १.५०

लिहू की नको असं सकाळपासून चाललं होतं.

माझी अर्धशिशी बाळंतपणानंतर वाढली. त्याआधी, लेक दीड महिन्याचा असताना, मला फार वाईट दिवस आले होते. रडू यायचं, पोराला जवळ घ्यावंसं वाटायचं नाही. सासूबाई चांगल्या, त्यांनी त्याला सांभाळलं, पण त्याला आजार म्हणतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मीही पुढे ते कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची.

चार वर्षांनी डोक्यासाठी फ्लुनारिझिन सुरू झालं. डोकं खरंच कमी झालं. पण पाच महिन्यांत सहा किलो वजन वाढलं आणि मन पुन्हा त्याच विहिरीत गेलं. दोन्हींचा संबंध मला कळला नाही. मला वाटलं, मीच अशी आहे. पुढे समजलं की ज्यांना नैराश्य होऊन गेलंय त्यांना हे औषध जपून देतात किंवा देतच नाहीत. डॉक्टरांचा दोष म्हणवत नाही, त्यांनी विचारलं होतं, "आणखी काही त्रास?" आणि मी "नाही" म्हटलं होतं.

दुसरी गोष्ट भीतीची. डोकं दुखत नसलं तरी आता दुखेल ही भीती. नणंदेच्या मुलीचं बारसं कोपरखैरण्याला होतं, घरापासून वीस मिनिटांवर. पर्समध्ये गोळ्यांच्या दोन स्ट्रिप, काळा गॉगल, ओला रुमाल, उलटीसाठी प्लास्टिकची पिशवी. पाळणा म्हणायला सगळ्या बायका उभ्या राहिल्या आणि मी दाराजवळची खुर्ची सोडली नाही, पटकन निघता यावं म्हणून. बाळाच्या कानात नाव सांगताना माझं सगळं लक्ष हॉलच्या ट्यूबलाईटवर. त्या दिवशी डोकं दुखलं नाही. पण दिवस तर गेलाच ना?

मग एका रात्री टेली-मानसच्या १४४१६ नंबरवर फोन केला. सरकारी सेवा आहे, २०२२ पासूनची, फुकट, आणि मराठीत बोलतात. पलीकडच्या ताईंनी फक्त ऐकलं आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटायला सांगितलं. आता औषध बदललंय, एकच गोळी मनावर आणि डोक्यावर चालते, शिवाय समुपदेशन आहे. महिन्यातले अकरा दिवस चारवर आलेत.

कडुनिंब (नेरुळ)
सोमवार, दुपारी ३.३०

जास्वंद, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. एकच जोडतो: हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. अर्धशिशीवाल्यांना नैराश्य जास्त होतं, आणि नैराश्य असलेल्यांना पुढे अर्धशिशी जास्त होते. "सारखं डोकं दुखतं म्हणून मन खचलं" एवढंच ते नाही, मेंदूतली काही यंत्रणा दोन्हींत सामायिक आहे. कुणी "मनावर घेऊ नकोस" म्हणालं तर त्यांना हे सांगा.

अबोली२७ (खारघर)
सोमवार, रात्री १०.४५

सगळ्यांना नमस्कार. मी नेहमी नुसती वाचक असते. एक प्रश्न आहे.

मला एकोणिसाव्या वर्षापासून डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चकलीच्या कडेसारखी काटेरी, चकाकती रेघ दिसते. आधी छोटी, मग मोठी होत कडेला जाते. वीसेक मिनिटं राहते. कधी कधी डाव्या हाताची बोटं झिणझिणतात, मुंग्या हळूहळू कोपरापर्यंत चढतात, मग ओठांवर येतात. मग डोकं.

पाळीत पोट प्रचंड दुखतं, म्हणून गेल्या वर्षापासून गायनॅकने हार्मोनच्या गोळ्या दिल्यात, २१ दिवस घ्यायच्या त्या. तेव्हापासून ही रेघ महिन्यातून तीन-चारदा दिसते, पूर्वी वर्षातून तीन-चारदा दिसायची. काही संबंध असेल का? की टेन्शनमुळे?

कडुनिंब (नेरुळ)
सोमवार, रात्री ११.०५

अबोली, उद्या सकाळीच तुमच्या गायनॅकना फोन करा आणि हेच, याच शब्दांत सांगा. "मला ऑरा असलेली अर्धशिशी आहे आणि तो वाढलाय." पुढची स्ट्रिप त्यांच्याशी बोलल्याशिवाय सुरू करू नका. गर्भनिरोधक म्हणूनही घेत असाल तर पर्यायाचंही विचारा.

कारण सांगतो, घाबरू नका. ऑरा असलेल्यांत मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. तुमच्या वयात मूळ धोकाच इतका लहान असतो की दुप्पट होऊनही तो लहानच राहतो. पण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या तो आणखी वाढवतात, आणि सिगारेट असेल तर अजून. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरा असलेल्या स्त्रियांसाठी या एकत्रित गोळ्या चौथ्या वर्गात आहेत, म्हणजे देऊ नयेत. फक्त प्रोजेस्टेरॉन गटातलं औषध किंवा तांबी हे पर्याय असतात. ऑरा नसलेल्या अर्धशिशीला नियम वेगळे आहेत, म्हणून बाकीच्या मुलींनी हे वाचून परस्पर गोळ्या बंद करू नयेत.

आणि हे लक्षात ठेवा: ऑरा हळूहळू पसरतो, पाच मिनिटं ते तासभर राहतो. हात एकदम लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना, किंवा त्रास तासाच्या वर टिकला तर तो ऑरा आहे असं समजून झोपून राहायचं नाही. १०८ ला फोन, थेट हॉस्पिटल.

पाळीतल्या त्या दुखण्याचाही शोध घ्यायला सांगा. एंडोमेट्रिओसिस अर्धशिशीच्या मुलींत जास्त आढळतो, आणि "पाळीत दुखतंच" म्हणून वर्षानुवर्षं राहून जातो.

मोगरा (ठाणे, घोडबंदर रोड)
सोमवार, रात्री ११.१५

अबोली, फोन केल्यावर इथे एक ओळ टाक. वाट बघते. सोबत कुणी हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, शनिवारी मी खारघरला येऊ शकते.

कोपरीच्या_काकू (ठाणे पूर्व)
मंगळवार, दुपारी १२.२०

नात टाईप करून देतेय. वय ६६. आमच्या वेळी मायग्रेन नव्हतं, अर्धशिशी होती. सुंठ उगाळून कपाळाला लेप, वर ओढणीने करकचून बांधायचं, आणि तसंच चुलीसमोर. हरतालिकेचा निर्जळी उपास केला की दुसऱ्या दिवशी हमखास.

पंचवीस वर्षं मी एकच गोळी घेतेय, मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागत नाही. नातीने पाकिटावरचं वाचलं, त्यात एर्गोटामाइन आणि कॅफिन लिहिलंय. गेल्या वर्षी मला बीपी निघालं, त्याची गोळी वेगळी चालू आहे. पाळी गेल्यावर डोकं खूप कमी झालं होतं, आता सहा महिन्यांपासून पुन्हा एक दिवसाआड. गोळी घेतली की उतरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. डॉक्टर, हे बीपीमुळे का?

कडुनिंब (नेरुळ)
मंगळवार, दुपारी २.००

काकू, नमस्कार. थोडाफार वाढलेला बीपी सहसा डोकं दुखवत नाही. मला काळजी त्या गोळीची वाटते. एर्गोटामाइन रक्तवाहिन्या आवळतं. बीपी, हृदयविकार, पायातला रक्तप्रवाह कमी असणं, यात ते टाळायचं असतं. पंचवीस वर्षांपूर्वी तुम्हाला चालत होतं म्हणून आज चालेल असं नाही.

दुसरं, एक दिवसाआड म्हणजे महिन्याला पंधरा गोळ्या. एर्गोटामाइन, ट्रिप्टान (अर्धशिशीच्या अटॅकवरच्या खास गोळ्या) किंवा मिश्र वेदनाशामक महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, आणि साधी वेदनाशामक पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की औषधच डोकेदुखी निर्माण करायला लागतं. उतरतं, पुन्हा चढतं, पुन्हा गोळी. तुमचं वर्णन तसंच आहे. पण ती सोडायची डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पहिला आठवडा-दोन आठवडे कठीण जातात.

तिसरं: पन्नाशीनंतर डोकेदुखीने रूप बदललं तर तपासणी हवीच. कानशिलाला हात लावल्यावर दुखतं का, फणी फिरवताना, घास चावताना जबडा भरून येतो का, नजर अंधुक होते का? यातलं काही असेल तर दोन दिवसही थांबू नका, डोळ्यांना धोका असतो. नातीला सांगा, आजीला या आठवड्यात घेऊन जा. कळव्याच्या महापालिकेच्या रुग्णालयातली ओपीडी तुम्हाला जवळ पडेल.

कोपरीच्या_काकू (ठाणे पूर्व)
मंगळवार, दुपारी २.३५

चावताना काही होत नाही. नजर ठीक. गुरुवारी नेते. – नात

चिमणी (कळवा)
मंगळवार, रात्री ९.४०

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचं पोट दुखतं. बेंबीभोवती, दोन-तीन तास, चेहरा पांढराफटक, जेवत नाही, झोपून उठली की एकदम बरी. सोनोग्राफी दोनदा झाली, जंताचं औषध तीनदा. शाळेत बाई म्हणतात गणिताच्या तासाला होतं, नाटक करते. मला स्वतःला अर्धशिशी आहे. गाडी तिलाही लागते. धागा वाचताना छातीत धस्स झालं, हे त्याच घरातलं असू शकतं का?

कडुनिंब (नेरुळ)
मंगळवार, रात्री १०.१०

असू शकतं. पोटाची अर्धशिशी मुलांमध्ये असते, आणि वर्णन बरंचसं जुळतं: मधोमध दुखणं, पांढरा चेहरा, मध्ये पूर्ण बरं, आईला अर्धशिशी. बालरोगतज्ज्ञांना पोटाची फाईल देताना तुमच्या डोक्याची फाईलही सोबत न्या. त्यातल्या बऱ्याच मुलांना पुढे डोकेदुखी सुरू होते. आणि शाळेतल्या बाईंना सांगा, नाटकात चेहरा पांढरा करता येत नाही.

सडेतोड (वर्तकनगर)
बुधवार, सकाळी ६.५५

रात्री झोप लागली नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिला पित्ताच्या गोळ्या सोडून कधी काही मिळालं नाही. दुपारी शेगडी बंद करून भिंतीकडे तोंड करून पडायची, आम्ही पोरं टीव्ही मोठा लावायचो. तिला झोपही नव्हती, पहाटे तीनला देवघरात बसलेली असायची. आम्ही म्हणायचो, आई फार धार्मिक आहे.

मोगरा, धागा चालू ठेवा. माझ्या बहिणीला लिंक पाठवली आहे, तिलाही "पित्त" आहे.

पारसिककर (कळवा)
बुधवार, सकाळी १०.३०

सडेतोड भाऊ, आमच्या घरीही आईचं असंच होतं.

एक प्रश्न काकांना. सकाळी उठतानाच डोकं जड, बायको म्हणते घोरणं मध्येच थांबतं आणि मग दचकून श्वास घेतो. शिफ्टमुळे असेल असं समजत होतो.

कडुनिंब (नेरुळ)
बुधवार, दुपारी १.१५

झोपेची तपासणी करून घ्या. ही झोपेत श्वास अडकण्याची लक्षणं आहेत, आणि त्यावर उपचार झाला तर सकाळचं डोकं, बीपी, दिवसाची झापड सगळंच सुधारू शकतं. शिफ्ट बदलली तरी जेवणाची आणि झोपेची वेळ शक्य तितकी एक ठेवा. अर्धशिशीच्या मेंदूला बदल सोसत नाही.

मोगरा (ठाणे, घोडबंदर रोड)
गुरुवार, रात्री ९.२०

दोघी-तिघींनी व्यनि करून विचारलं की पाच फायलींचं पुढे काय केलंस. आता मी एकच कागद नेते. आखीव फुलस्केप, एक पान, दोन्ही बाजू. मागच्या भेटीचा जसाच्या तसा उतरवतेय:

"वय ४३. अर्धशिशी २२ वर्षं, ऑरा नाही. दमा लहानपणी, २०२३ मध्ये प्रोप्रानोलॉलने उलटला, ही गोळी नको. आयबीएस, अटॅकच्या आदल्या दिवशी मुरडा आणि जुलाब. झोप ५ तास, पहाटे जाग. छातीत धडधड, गर्दीत घाबरं होतं, ईसीजी व्यवस्थित. फिट्स नाहीत. नैराश्य: आईला होतं. मुतखडा नाही. मूल आणखी नको. मे: डोकं ११ दिवस, वेदनाशामक १४ दिवस. चालू औषधं मागच्या बाजूला, आयुर्वेदिक काढ्यासकट."

तो "११" आणि "१४" चा आकडा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरून. डोकं दुखलं की तारखेला लाल टिंब, गोळी घेतली की निळं. मे महिन्यात लालपेक्षा निळी जास्त निघाली, तेव्हा कळलं की तीन दिवस मी डोकं दुखायच्या भीतीनेच गोळी घेतली होती. जास्वंद, तुझं बारसं वाचलं आणि ते तीन दिवस आठवले. एक दिवस तर लेकीच्या स्नेहसंमेलनाचा होता.

डॉक्टरांनी कागद वाचून फायलीलाच पिन केला. निळी टिंबं आधी उतरवू म्हणाले.

अबोली२७ (खारघर)
शनिवार, संध्याकाळी ६.१०

मोगराताई आज खरंच आल्या होत्या, सोबत.

मंगळवारी फोन केला होता. गायनॅक आधी म्हणाल्या, "डोकेदुखी तर तू सांगितलीच नव्हतीस." खरं आहे, पोटासाठी गेले होते, डोळ्यांसमोरच्या रेघेचं तिथे काय सांगायचं असं वाटलं. ऑराचं ऐकल्यावर त्यांनी त्या गोळ्या लगेच बंद केल्या. आज तपासलं, सोनोग्राफी बघितली. एंडोमेट्रिओसिसचा दाट संशय आहे. फक्त प्रोजेस्टेरॉन गटाचं औषध लिहून दिलंय, आणि मेंदूविकारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी. पुढच्या बुधवारची वेळ मिळाली आहे.

फुलस्केप घेऊन बसलेय. "कधीपासून" या रकान्यात पाळीचं दुखणं लिहायला गेले तर आठवलं, दहावीच्या बोर्डाच्या पेपरला गेले होते तेव्हापासून. आईला विचारलं, तुला कसं व्हायचं? आई म्हणाली, "मलाही तसंच, पण सांगायचं कुणाला?" आता तिचाही कागद करतोय.

कोपरीच्या_काकू (ठाणे पूर्व)
शनिवार, रात्री ८.००

आजीची जुनी गोळी बंद झाली. रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. आज तिसरा दिवस, डोकं फार चढलंय, चिडचिड चालली आहे, पण गोळी मागत नाही. पडदे लावलेत. डॉक्टर दहा दिवस कळ काढा म्हणालेत. कॅलेंडरवर लाल टिंब मी काढते, निळी पेन तिने स्वतःच माझ्या दप्तरात टाकून दिली. – नात